फळ्याशेजारची खुर्ची

भोईरबाई बसलेल्या मला आठवतच नाहीत. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे मास्तर आपापल्या खुर्च्या पकडून, पाय लांब करून चहाची वाट बघत पडलेले असायचो. बाई मात्र डबा उघडायच्या आणि उभ्यानंच खायच्या. दोन घास खाल्ले की दारापर्यंत जाऊन वर्गाकडं डोकावून यायच्या, मग पुन्हा दोन घास. "बाई, बसा हो जरा, अन्न तरी अंगी लागू द्या," असं कुणी म्हटलं की "बसतेच की," म्हणायच्या आणि उभ्याच राहायच्या. त्यांच्याकडं बघून आपल्यालाच अपचन होतं, अशी आमच्या ड्रॉइंगच्या सरांची तक्रार होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

आमची शाळा कामतघरला एका दुमजली इमारतीत भाड्यानं होती. वर आम्ही, खाली आणि मागच्या अंगाला लूम, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग. सकाळी प्रार्थनेला हात जोडायच्या आधीपासून खडखडाट सुरू असायचा आणि संध्याकाळी आम्ही कुलूप लावून निघालो तरी तो चालूच. त्या आवाजात आम्ही दिवसभर ओरडायचो. ओरडणं म्हणजेच शिकवणं अशी आमची समजूत होती, आणि त्या बाबतीत माझा हात धरणारा शाळेत कुणी नव्हता. मी इतिहास शिकवायचो. मी गड चढायला लागलो की खालचे लूमवालेसुद्धा मान वर करून बघतात, असं आमचे हेडसर पाहुण्यांना सांगायचे. मला ते आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

भोईरबाई आल्या त्या आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षी, जूनमध्ये. अंबाडीच्या आतल्या बाजूला त्यांचं गाव. घर शेतीवाल्यांचं, आणि घरातच काय, त्या अख्ख्या गावात डी.एड. झालेली ही पहिली मुलगी. अंगानं किडकिडीत, चालणं भरभर, हातात कायम खडू. रस्त्यानं जातानाही खडू. पाचवी ते सातवीचं गणित आणि शास्त्र त्यांच्याकडं दिलं. नेमणूक दोन वर्षांची, टेम्पररी. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तपासणीचे साहेब येऊन तास बघणार, त्यांचं मत चांगलं पडलं तर बाई कायम, नाही तर घरी.

घरी म्हणजे काय, ते बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. मनात काही ठेवायची त्यांना सवय नव्हती. मोठ्या भावानं बजावलं होतं, दोन वर्षं देतो, कायम झालीस तर शिकव, नाही तर लग्न. स्थळसुद्धा ठरल्यातच जमा होतं. वाडा तालुक्याकडचं घर, भातशेती भरपूर.

"माणूस वाईट न्हाय तो," बाई म्हणाल्या. "पण मना शिकवायचंय."

एरवी त्या शाळेत पुस्तकी मराठी बोलायच्या, डी.एड.ला घोटून घेतलेली. पण जीव गुंतला किंवा राग आला की गावची बोली आपोआप बाहेर यायची.

शिकवायचंय म्हणणं सोपं होतं. पहिलं वर्ष बाईंनी कसं काढलं ते आम्ही बघितलंय. आवाज बारीक, त्यात खाली लूम. त्या जीव तोडून ओरडायच्या आणि दुपारपर्यंत घसा बसायचा. तोंडात कायम ज्येष्ठमधाची काडी. सातवी ब म्हणजे तर विणकरांच्या पोरांचा वर्ग. बाप लूमवर, थोरला भाऊ लूमवर, आणि हाही वर्ष-दोन वर्षांत तिथंच जायचा, हे त्याला आणि आम्हालाही ठाऊक. ती पोरं लुमांच्या आवाजाच्या आडोशानं वर्गात वाटेल ते करायची. एकदा बाई फळ्यावर गणित मांडत होत्या आणि मागं अर्धा वर्ग बाकांखालून रांगत बाहेर पडला होता. बाई वळल्या तेव्हा उरलेला अर्धा वर्ग फार एकाग्रपणे फळ्याकडं बघत होता.

त्या दिवशी त्या शिक्षक-खोलीत आल्या आणि हातातला खडू भिंतीवर फेकून म्हणाल्या, "न्हाय येत मना! शिकवताच न्हाय येत!"

आम्ही धीर दिला. होईल सवय, पहिलं वर्ष सगळ्यांचंच असं जातं, वगैरे. मी आपला अनुभवाचा सल्ला दिला की आवाज पोटातून काढा, घशातून नको. बाईंनी माझ्याकडं जरा वेळ रोखून बघितलं आणि विचारलं, "सर, तुमच्या वर्गात येऊन बसू?"

 मास्तर मंडळींमध्ये एक अलिखित रिवाज असतो. दुसऱ्याच्या वर्गात जायचं ते फक्त खडू मागायला नाही तर सूचना वाचून घ्यायला, तेही दारातून. आत जाऊन बसतो तो एकच माणूस, तपासणीचा साहेब. म्हणजे ही मागणी एखाद्याच्या स्वयंपाकघरात शिरून पातेल्यावरचं झाकण उचलण्यासारखीच होती. पण बाईंनी ती एकेकाकडं केली. ड्रॉइंगच्या सरांनी सरळ नकार दिला. दोघातिघांनी हो म्हटलं आणि नेमका त्या दिवशी चाचणी परीक्षेचा तास ठेवला. आठवड्याभरात बाई हेडसरांच्या हेर आहेत अशी बोलवा उठली. हेडसरांना ती कळली तेव्हा ते बिचारे म्हणाले, "माझा हेर असता तर मला काही कळलं नसतं का रे?"

मी मात्र हो म्हटलं. मला काय भीती? बाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. (बसल्या म्हणजे टेकल्या, सारखी चुळबूळ चालूच.) मी त्या दिवशी असा तास घेतला की माझा मलाच घाम फुटला. बाहेर पडल्यावर विचारलं, "काय बाई, कसा झाला?"

"तास झकास झाला. पण पोरं न्हाय दिसली."

"म्हणजे?"

"मागं बसले ना मी. नुसत्या पाठी दिसल्या. उद्या फळ्याजवळ बसू?"

दुसऱ्या दिवशी त्या फळ्याशेजारी, पोरांकडं तोंड करून टेकल्या. अख्ख्या तासात त्यांनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. नजर सगळी पोरांच्या चेहऱ्यांवर, या बाकावरून त्या बाकावर. तास संपल्यावर जिन्यात मला गाठलं.

"सर, पुढची दोन बाकं ऐकत होती. मागची सगळी खिडकीतनं टांगे बघत होती. पण तुम्ही बघितलं की मान अशी डोलवत होती, की तुम्हाला वाटावं कळलं."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. बाईंच्या ते लक्षातही आलं नसावं, कारण त्या रोज येऊन माझ्याशी बोलतच होत्या.

दुसऱ्या वर्षी श्रावणात त्यांचा घसा पार बंद पडला. साधा 'हं' निघेना. रजा घ्या म्हटलं तर मान हलवून तशाच वर्गावर गेल्या. त्या तासाला काय झालं ते त्यांनी मला नंतर, घसा सुटल्यावर, जिन्यात उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी फळ्यावर गणित लिहिलं, वळल्या आणि सवयीनं बोलायला लागल्या. आवाज नव्हताच, नुसते ओठ हलत होते. आणि वर्ग चिडीचूप. सगळे डोळे त्यांच्या तोंडावर. बाईंना वाटलं, पोरं चेष्टा करतायत. रागानं त्यांनी मागच्या बाकावरच्या व्यंकटेशला खुणेनं उभं केलं. व्यंकटेश म्हणजे तेलुगू विणकराचा पोरगा, उंचापुरा, वर्गातला पहिल्या नंबरचा वात्रट. त्यानं उभं राहून गणित बरोबर सांगितलं.

"तुला ऐकायला आलं?" बाईंनी ओठांनीच विचारलं.

"ऐकायचं काय बाई? तोंड दिसतंय ना," व्यंकटेश म्हणाला. "कारखान्यात सगळे असंच बोलतात. अम्मा डबा घेऊन जाते, तेव्हा बाबा लूमवरूनच बोलतात. तिथं कोण चिल्लाणार? घसा जातो फुकट."

मला हे सांगताना बाई जिन्याची एकच पायरी चढत होत्या आणि उतरत होत्या. "सव्वा वर्स, सर! सव्वा वर्स मी वरडले. त्यांना कान नकोच होता. त्यांना माजं तोंड बघायचं होतं, आणि मी फळ्याकडं तोंड करून बोलत होते!"

तिथून बाईंनी जे सुरू केलं त्यानं सगळ्या शाळेची झोप उडाली. फळ्यावर लिहिताना त्या एक शब्द बोलत नसत. लिहायचं, वळायचं, सगळे डोळे येईपर्यंत थांबायचं आणि मग बोलायचं, तेही बारीक आवाजात, पण ओठ स्वच्छ हलवून. चालायचं तेव्हा बोलायचं नाही, बोलायचं तेव्हा चालायचं नाही. त्यांच्यासारख्या बाईला एका जागी उभं राहणं म्हणजे शिक्षाच होती. म्हणून बोलून झालं रे झालं की त्या ताडताड वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जायच्या, पुन्हा थांबायच्या. पर्समध्ये एक छोटा आरसा आला. मधल्या सुट्टीत खिडकीशी उभ्या राहून आरशात बघत 'अपूर्णांक', 'गुणोत्तर', 'बाष्पीभवन' असे शब्द बिनआवाजी म्हणायच्या. "बाईंचं लग्न जवळ आलेलं दिसतंय," असं ड्रॉइंगचे सर म्हणाले. बाईंनी आरशातूनच त्यांच्याकडं बघून ओठ हलवले. काय म्हणाल्या ते आम्हाला कळलं नाही, पण सरांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग आली खुर्ची. वर्गातली मास्तरांची खुर्ची बाईंच्या काही उपयोगाची नव्हतीच. ती त्यांनी उचलून फळ्याशेजारी ठेवली, पोरांकडं तोंड करून. रोज एका पोरानं त्या खुर्चीत बसायचं. त्याचं काम एकच. बाई शिकवत असताना वर्गाचे चेहरे बघायचे आणि ज्याला कळलेलं नाही असं वाटेल त्याच्याकडं बोट करायचं. बोट केलं की बाई तिथं थांबणार आणि तीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेनं सांगणार. ज्याच्याकडं बोट गेलं त्याला रागवायचं नाही, हसायचं नाही.

गुरूच्या आसनावर पोरं बसायला लागली म्हणून शाळेत केवढा गहजब झाला! संस्कृतच्या बाईंना तर तो अधर्म वाटला. हेडसरांनी बाईंना बोलावून समज दिली. बाई म्हणाल्या, "सर, मी लिहीत असते, माझं ध्यान फळ्यावर असतं. कोण हरवलंय ते कुणीतरी बघायला नको?" हेडसर भला माणूस. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि दुसऱ्या वर्गातली एक मोडकी खुर्ची बाईंना पोरांसाठी दिली, म्हणजे आसनाचा प्रश्न मिटला.

एक दिवस बाई मलाच म्हणाल्या, "सर, तुम्ही बसा आज." मी हसतच बसलो. बाईंनी पत्र्याचा डबा भरून चुरमुरे आणले होते. व्यस्त प्रमाण शिकवायचं होतं. आधी एका पोरानं खायला सुरुवात केली, मग दोघांनी, मग चौघांनी. खाणारे वाढले की डबा लवकर संपतो, एवढंच. खाली लूम जोरात चालू, बाईंचा शब्दही माझ्या कानावर येत नव्हता आणि ओठ वाचणं मला जमत नव्हतं. म्हणून मी पोरांकडं बघत बसलो. शिकवायला लागून मला कितीतरी वर्षं झाली होती, पण पोरांना काही कळत असताना त्यांचे चेहरे कसे होतात ते मी कधी बघितलं नव्हतं. बघायला वेळच नव्हता, मी बोलत होतो ना! एकेकाच्या कपाळाची घडी सुटायची, कुणाचं तोंड अर्धवट उघडं राहायचं. आणि तिसऱ्या बाकावरची एक मुलगी सगळ्यांबरोबर मान हलवत होती, पण डोळे कोरे. मला कळायच्या आत माझं बोट तिच्याकडं गेलं होतं. बाई तिथल्या तिथं थांबल्या, डबा उचलून तिच्यापाशी गेल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं. त्या दिवशी घरी गेल्यावरही माझ्या वर्गात अशा किती माना हलत असतील, हाच विचार.

आता शुक्रवारचं सांगतो, कारण सगळं तिथंच बिनसलं.

शुक्रवारी लुमांना सुट्टी. अख्खं कामतघर गप्प. आम्हा मास्तरांचा तो आवडता दिवस. अवघड धडे शुक्रवारसाठी राखून ठेवायचे, घशाला आराम. बाईंचं मात्र उलटं. शुक्रवारी त्यांचा वर्ग हातात राहत नसे. शांततेत पोरांना एकमेकांची कुजबुज ऐकू यायची, खाली खेळणाऱ्यांचा आवाज यायचा, कान मोकळे झाले की डोळे भटकायचे. बाईंनी त्यावर उपाय काढला तो त्यांच्याच डोक्यातून निघू शकतो. शुक्रवारी त्या आणखी हळू बोलायला लागल्या. जवळजवळ नुसते ओठ. बघितलं नाही तर काही मिळणार नाही, मग पोरं बघायची.

फेब्रुवारीत साहेबांची तारीख ठरायची वेळ आली तेव्हा हेडसर खुशीत शिक्षक-खोलीत आले. "बाई, तुमचं काम केलंय. शुक्रवारच मागून घेतला. लूम बंद, साहेबांना सगळं छान ऐकू येईल."

बाई घाईनं पुढं आल्या. "सर, गुरुवार घ्या. बुधवार घ्या. कुठलाही घ्या."

"अहो, लोक शुक्रवारसाठी भांडतात!"

"मग साहेबांना फळ्याजवळच्या खुर्चीवर तरी बसवा."

"साहेबांना? पोरांच्या समोर? त्या मोडक्या खुर्चीवर?" हेडसर हात झटकून निघून गेले. बाईंच्या वतीनं मीही एकदा जाऊन सांगून बघितलं. ते म्हणाले, "तुम्हीसुद्धा?" आणि माझ्याकडं काळजीनं बघत राहिले.

साहेब आले. सभ्य, शांत माणूस. त्यांच्यासाठी शेवटच्या बाकाशेजारी चांगली खुर्ची, टेबलावर धुतलेला टेबलक्लॉथ, फुलदाणी. बाईंनी आत जाताना त्यांना स्वतःच विचारलं, "साहेब, पुढं बसता का? पोरं दिसतील." साहेब हसले. "बाई, मी नेहमी विद्यार्थ्यांच्या जागेवरून बघतो. तेच योग्य असतं." त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

तास झाला. मी व्हरांड्यातून बघत होतो. वर्ग असा रंगला होता की खिडकीत चिमणी येऊन बसली तरी कुणाचं लक्ष गेलं नाही. साहेबांना मात्र समोर फक्त पाठी दिसत होत्या आणि कानावर काही येत नव्हतं. बाहेर आल्यावर ते हेडसरांना म्हणाले, "मुलं शांत आहेत, शिस्त आहे. पण बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. मी तिथंच बसलो होतो." हेडसरांनी गळ घातली. साहेबांनाही वाईट वाटलं असावं. म्हणाले, पुढच्या शुक्रवारी पुन्हा येतो, बाईंना जरा मोठ्यानं शिकवायला सांगा.

एवढंच करायचं होतं. एक तास ओरडायचं. तो आठवडाभर शाळा सुटल्यावर मी बाईंना रिकाम्या वर्गात ओरडायला शिकवलं. मी शेवटच्या बाकावर आणि त्या फळ्यापाशी. "पोटातून, बाई, पोटातून!" आवाज सुटायला लागला. चौथ्या दिवशी तर त्या अशा कडाडल्या की शिपाई धावत वर आला. बाई हसल्या. त्यांनाही कायम व्हायचं होतं हो, कुणीही समजू नये की नव्हतं. त्या आठवड्यात दोनदा भाऊ शाळेत येऊन विचारून गेला होता, काय झालं साहेबाचं म्हणून.

पुढचा शुक्रवार. साहेब त्याच जागी, हेडसर त्यांच्या शेजारी, मी व्हरांड्यात. बाईंनी सुरुवातच खणखणीत केली. साहेबांची मान समाधानानं हलली, हेडसरांनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. निम्मा तास असाच गेला. पोरं नीट बसली होती, बाई वाक्य संपवायच्या आणि पोरं मान डोलवायची. वाक्य, मान, वाक्य, मान.

आणि बाई मध्येच थांबल्या. वर्गाकडं बघत उभ्या राहिल्या. साहेबांना वाटलं, विसरल्या. मग त्यांनी फळा पुसला आणि तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, हळू, ओठांनी.

"बाई, जरा मोठ्यानं," साहेब मागून म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या आणि एक वाक्य मोठ्यानं बोलल्या. दुसरं वाक्य पुन्हा हळू. साहेब पुन्हा खाकरले. बाईंनी पुन्हा एक वाक्य वर चढवलं आणि पुन्हा खाली आल्या. त्या ओढाताणीत त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. थोड्या वेळानं साहेब उठले, वर्गाला नमस्कार केला आणि निघून गेले. बाई शिकवतच होत्या.

तास सुटल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. माझा तोल गेला होता. "निम्मा तास राहिला होता, बाई! निम्मा तास ओरडला असतात तर काय बिघडणार होतं? पोरांना उद्या पुन्हा शिकवलं असतंत!"

बाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "मीबी तेच ठरवलं होतं, सर. देवाशपथ. पण व्यंकटेश मान डोलवत होता." त्यांचा आवाज फाटला. "त्याला कळलं नव्हतं, आणि तो माझ्यासाठी मान डोलवत होता. साहेब खूश व्हावा म्हणून. सगळीच डोलवत होती. मग मी फुडं कशी जाऊ?"

माझा राग मात्र गेला नाही, खरं सांगायचं तर अजूनही कधीकधी येतो. नोकरी जाते ती एका तासानं, आणि माणूस त्या तासाला सातवी बच्या कपाळावरच्या घड्या मोजतं! असं माणूस असतं का? आणि मग आठवतं की असं माणूस आमच्या शाळेत होतं, आणि आम्ही त्याला ठेवून घेतलं नाही.

मार्चअखेर त्यांची नेमणूक संपली. शेवटच्या दिवशी लूम चालू होते. दुपारीच भाऊ टांगा घेऊन आला आणि घाई करायला लागला, स्टँडवर अंबाडीची गाडी गाठायची होती. बाईंचा शेवटचा तास सातवी बवर होता. हेडसरांनी तो मला घ्यायला सांगितला. मी वर्गात गेलो तेव्हा बाकांवर कुणी नव्हतं. सगळा वर्ग खिडक्यांच्या गजांना चिकटून खाली बघत होता. मी ओरडलो, "जागेवर बसा!" कुणी वळून बघितलं नाही. मीही मग त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो.

खाली रस्त्याच्या पलीकडं टांगा उभा होता. भाऊ आत बसलेला. बाई खालीच उभ्या, एका हातात पिशवी. त्यांनी वर बघितलं आणि बोलायला लागल्या. सगळा रस्ता खडखडाटानं भरलेला. ओठ हलताना मला दिसत होते, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. पोरांनी मात्र एकदम माना हलवल्या, नाही म्हणून. बाई पुन्हा बोलल्या. पुन्हा नाही. तेव्हा त्यांचं डोकं फिरलं. पिशवी खाली ठेवून, कमरेवर हात घेऊन त्या तीच गोष्ट तिसऱ्यांदा, चांगल्या रागावून बोलल्या. भाऊ टांग्यातून हाका मारत असावा, त्यांनी त्याच्याकडं बघितलंही नाही.

"काय म्हणतायत?" मी व्यंकटेशच्या कानात ओरडलो.

"बोलतात, आता तास सरांचा हाय. खिडकी सोडा. सरांच्या तोंडाकडं बघा."

एकेक करून पोरांनी गज सोडले. मी पुन्हा खाली बघितलं तेव्हा बाई टांग्यात चढत होत्या. टांगा हलला, वळणावर गेला, आणि मला शेवटचं दिसलं ते एवढंच की आत भाऊ बसला होता आणि बाई टपाला धरून उभ्याच होत्या.

मी फळ्यापाशी आलो. सगळी पोरं बाकांवर बसली होती, आणि सगळी माझ्याकडं बघत होती. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत. इतक्या वर्षांत माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं. मी पोटातून आवाज काढायला श्वास घेतला आणि तो तसाच सोडला. मग हळू बोलायला लागलो. ओठ कसे हलवायचे ते मला ठाऊक नव्हतं. दोन वाक्यं झाली आणि थांबून मी शेवटच्या बाकाकडं बघितलं.

व्यंकटेशनं नाही म्हणून मान हलवली.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.